कर्जत लोकल, आजोबांची खुर्ची आणि एक सरळ भोक

कर्जतला लोक धबधब्यासाठी जातात. फार्महाऊसच्या स्विमिंग पूलसाठी जातात. गेला बाजार स्टेशनवरच्या दिवाडकरांच्या बटाटावड्यासाठी तरी जातातच. मी गेले एका भोकासाठी. पाऊण इंची, लाकडातलं आणि सरळ.

हसू नका. सरळ भोक ही काय चीज आहे हे कळायचं असेल, तर घरातलं ड्रिल मशीन काढा (नसेल तर शेजाऱ्यांकडे मागा, सोसायटीत एकाकडे तरी असतंच), एखादा जुना दांडका घ्या आणि त्यात नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानं एक काटकोनी भोक पाडून दाखवा. मग त्यात पेन्सिल उभी करा आणि ती कुठे तोंड करून उभी राहते ते बघा. मी हा प्रयोग केलाय. माझी पेन्सिल पिझाच्या मनोऱ्याची चुलत बहीण शोभली असती.

तर खुर्ची. आमच्या घरात आजोबांची एक खुर्ची आहे. सागवानी, हातांची, पाठीला सात दांड्या, बैठक एकसंध फळीची. गिरगावातला एक दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांनी ती लिलावात घेतली होती. तिच्यात बसून आजोबा रेडिओ ऐकायचे, शेंगा सोलायचे आणि दुपारी दीड ते अडीच या वेळात ‘मी झोपलेलो नाहीये’ असं सांगत घोरायचे. ते गेल्यावर सामानाची वाटावाटी झाली आणि खुर्ची माझ्याकडे आली. माझ्या वाट्याला आली असं म्हणायला छान वाटतं. खरं म्हणजे ती कुणालाच नको होती.

माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ती दोन वर्षं सुखात होती. मग एका शनिवारी पार्टीत एक मित्र तिच्यावर बसला आणि ऑफिसात आपण सगळेच करतो तसं मागच्या दोन पायांवर झुलायला लागला. कडाड्! उजव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या पायाला जोडणारी आडवी दांडी मोडली. मागच्या पायातलं तिचं भोक फाकलं. जवळच्या एका दुकानात दुरुस्तीला दिली, तर त्यांनी चार खिळे ठोकले, एक लोखंडी पट्टी मारली आणि परत दिली. पंधरा दिवसांत पुन्हा डुगडुग. परत गेले तर म्हणाले, “मॅडम, फेकून द्या. ऑनलाइन याहून भारी मिळते, डिलिव्हरीसकट.” राग यायला हवा होता. खरं सांगू? मोह झाला. मोबाइलवर तीन खुर्च्या कार्टमध्ये टाकूनही झाल्या होत्या.

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण कर्जत भागातल्या होमस्टेंची कामं करते. तिला फोटो पाठवला. तिचं एका ओळीचं उत्तर आलं : “खोपोली लाइनवर एक सुतारकाका आहेत. खुर्ची घेऊन जा, फोटो नको.”

नोव्हेंबर संपत आलेला. शनिवारी सकाळी खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन मी कर्जत लोकलच्या मालडब्यात चढले. कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरायची. ही गाडी म्हणजे मुंबईच्या लोकलचं शेपूट. कर्जत सुटलं की पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली, संपली लाइन. पंधरा किलोमीटरचा प्रवास, दिवसातून मोजक्याच फेऱ्या. एक चुकली की फलाटावर बसून निसर्ग बघायचा. मात्र निसर्ग बघण्यासारखा आहे, ही तेवढी सोय. पळसदरीपर्यंत पुण्याची लाइन सोबत असते. मग ती डावीकडे घाट चढायला निघून जाते आणि आपली गाडी खाली भाताच्या शिवारात उतरते. भात कापून झालेला होता, खाचरं पिवळी पडली होती, मधेच कुठे उडवी रचलेली.

केळवलीला उतरून वीस मिनिटं चालले. खुर्चीसकट. वाटेत एका आजोबांनी विचारलं, “बसायला घरून आनलीव व्हय?”

काकांचं वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. एका बाजूला लाकडाच्या फळ्या, दुसरीकडे अर्धवट स्टुलांची रांग, खाली भुसा, वर एक पंखा जो भुसा खाली राहू देत नाही. काका पासष्टीच्या आसपासचे, अंगात बनियन, कानावर पेन्सिल. त्यांनी खुर्ची घेतली, उलटी केली आणि तिच्याकडे न बघता पायावरून अंगठा फिरवला. फाकलेल्या भोकाशी अंगठा थांबला.

“खिळं कुनी ठोकलं?”

मी गप्प.

“ठोकनाऱ्याला खुर्ची नाय, खोका दुरुस्त करायचा व्हता,” काका म्हणाले आणि आत हाक मारली. पंचविशी-तिशीच्या वहिनी बाहेर आल्या, पदर खोचलेला, गळ्यात अडकवलेला चष्मा. काकांच्या सूनबाई. पुढचे दोन दिवस मला जे काही शिकायला मिळालं ते या दोघांच्या भांडणातून.

आता थोडी खुर्चीची भूमिती. घाबरू नका, दहावीच्या पेपरपेक्षा सोपी आहे. टेबलाचे पाय सरळ उभे असतात. चांगल्या खुर्चीचे नसतात. ते खाली जाताना बाहेर फाकतात, पुढचे थोडे पुढे, मागचे थोडे मागे. म्हणूनच आपण मागे रेललो तरी खुर्ची उलटत नाही. पण पाय तिरपे म्हणजे बैठकीतली भोकंही तिरपी. शिवाय ती दोन दिशांनी तिरपी, बाजूलाही आणि मागेही. खाली पायांना जोडणारी दांडी या दोन तिरप्या पायांमध्ये बसणार, म्हणजे तिची भोकं पायाशी कुठलाच सरळ कोन करत नाहीत. वहिनींनी पाटीवर हिशोब करून दाखवला. माझ्या खुर्चीच्या दोन पायांत पंधरा इंचांचं अंतर. एका पायातलं भोक फक्त एक अंश चुकलं, तर दुसऱ्या पायाशी पोचेपर्यंत दांडी साडेसहा मिलिमीटर भरकटते. साडेसहा मिलिमीटर म्हणजे दांडी बसतच नाही. किंवा हातोड्यानं बसवली जाते आणि मग कायम ताणात राहते. एक दिवस कुणीतरी पार्टीत झुलतं आणि कडाड्.

पूर्वी हे सगळं काका डोळ्यांनी करायचे. गिरमिट घेऊन. गिरमिट म्हणजे हातानं फिरवायचं, वर आडवी मूठ असलेलं भोक पाडायचं हत्यार. ते फार हळू चालतं आणि तीच त्याची गंमत आहे. “दर फेऱ्याला बगायला वेळ मिळतो,” काका म्हणाले. भोकाच्या एका बाजूला गुण्या उभा करायचा, दुसऱ्या बाजूला पोराला उभं करायचं. गिरमिट कललं की पोरगं ओरडतं, “डावीकडं!” दोन फेऱ्यांत चूक सुधारता येते. इलेक्ट्रिक ड्रिल आलं आणि ही सोय गेली. दोन सेकंदांत भोक पडतं, तुम्हाला चूक दिसते तेव्हा ती पूर्ण झालेली असते. मशीननं काम सोपं केलं असं आपण म्हणतो. इथे मशीननं काम जलद केलं आणि अवघड केलं.

त्यात काकांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी दाखवतात. पाच-सहा वर्षांपूर्वी एका फार्महाऊसची बारा स्टुलांची ऑर्डर होती. बारा स्टुलं, प्रत्येकी चार पाय, अठ्ठेचाळीस तिरपी भोकं. काकांनी पहिली तीन स्टुलं केली आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांना बघत होती. मुलगा ड्रायव्हरच्या नोकरीत, त्याला लाकडात रस नाही. ऑर्डर परत करायची वेळ आली.

तेव्हा वहिनी बोलल्या. लग्नाआधी त्या खोपोलीकडच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होत्या. खालापूर तालुक्यात घरटी एक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत असतोच, म्हणजे कंपनीतलं शहाणपण घरात येतंच. “तिथे कुणी डोळ्यांनी भोक पाडत नाही,” वहिनी सांगत होत्या. “फिक्स्चर असतं. पार्ट त्यात बसवायचा, ड्रिल नळीतून खाली सोडायचं. पहिल्या दिवशी आलेली मुलगीपण बरोबर भोक पाडते. मी बाबांना म्हटलं, आपण लाकडात करून बघू.”

काकांचं उत्तर त्यांना आजही पाठ आहे. “साचा म्हंजी आंधळ्याची काठी.”

पण साचा झाला. ऐनाच्या लाकडाचा एक ठोकळा, मुठीपेक्षा थोडा मोठा. खाली पाचर लावून तो हव्या त्या कोनात कलता ठेवला आणि खोपोलीतल्या एका लेथवाल्याकडे उभ्या ड्रिल मशीनवर त्यात एक भोक पाडून घेतलं. त्या भोकात लोखंडी नळी ठोकली, नाहीतर दहा वेळा ड्रिल फिरलं की लाकूड झिजतं आणि साचाच खोटं बोलायला लागतो. हा ठोकळा स्टुलाच्या बैठकीवर खुणेला धरून शिकंज्यानं आवळायचा. ड्रिल नळीतून गेलं की ते हवं त्याच कोनात जाणार, धरणारा हात कुणाचाही असो. बैठकीच्या खाली दुसरी फळी दाबून धरायची, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना लाकडाच्या चिपळ्या उडत नाहीत. किती खोल जायचं त्यासाठी बिटला लाल इन्सुलेशन टेप. टेप नळीला टेकली की थांबा.

उरलेली नऊ स्टुलं वहिनींनी केली. आधीच्या तीन बैठका चुलीत गेल्या.

शेडच्या भिंतीवर आता असे पंचवीसेक साचे टांगलेले आहेत. काका त्यांना फर्मे म्हणतात. प्रत्येकावर मार्करनं नाव. ‘बारचं स्टूल’, ‘जेवणाची, मोठी’, ‘डॉक्टरीणबाई’, ‘नेरळ आरामखुर्ची’. एक नुसती लांब पट्टी आहे, एका टोकाला खिळा आणि अर्ध्या इंचावर भोक. वेताच्या बैठकीसाठी खुर्चीच्या चौकटीला चारी बाजूंनी सारख्या अंतरावर भोकं लागतात, ही पट्टी त्यासाठी. पहिलं भोक पाडायचं, त्यात खिळा अडकवायचा, पट्टीच्या भोकातून दुसरं पाडायचं, खिळा दुसऱ्यात. टेप नको, पेन्सिल नको. फक्त सुरुवात कोपऱ्यातून करायची नाही. पट्टीत अर्ध्या मिलिमीटरची जरी चूक असली तरी वीस भोकांत ती सेंटिमीटर होते. मधून सुरू करून दोन्हीकडे गेलं की चूक निम्मी वाटली जाते आणि दोन्ही कोपरे सारखे दिसतात. ही युक्ती काकांची. पट्टीही त्यांचीच, वहिनी घरात यायच्या फार आधीची.

“मग ही कुणाची काठी?” मी विचारलं.

काका हसले नाहीत. “येत इननारी लई मानसं आंधळी असत्यात, ताई. त्यांच्यासाठी भोकं नीट लागत्यात.” खरंच आहे. सरकारी ऑफिसांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम कित्येक वर्षं दृष्टिहीन कारागीर करत आलेत. बोटांनी भोकं मोजत. तिथे भोक चुकलं तर सगळी वीणच चुकते.

माझ्या खुर्चीचं काम मात्र यातल्या कुठल्याच साच्यात बसत नव्हतं. वहिनींनी मोडकी दांडी उपटली, खिळे काढले, मागच्या पायातलं फाकलेलं भोक साफ करून त्यात सागाची खुंटी डिंक लावून ठोकली. आता तिथे नवं भोक पाडायचं, पण कसं? चारही पाय बैठकीत घट्ट होते. उपटायला गेलं तर बैठक चिरणार. म्हणजे पाय जागेवर असतानाच, दोन पायांच्या मधल्या पंधरा इंचांत ड्रिल घालायचं. घालून बघा. मशीन आणि बिट मिळूनच तेरा इंच होतात. मशीन मागे पायाला अडतं, मग आपण ते तिरकं धरतो आणि भोक तिरकं. आधीच्या दुकानदाराला दोष देताना मला आता जरा अवघड वाटायला लागलं. त्याच्याकडे खिळ्यांशिवाय दुसरा मार्गच नसावा.

“उद्या दुपारी या,” वहिनी म्हणाल्या. “खुंटी वाळू दे. मला खोपोलीला जाऊन यायचंय.”

संध्याकाळी मुक्कामाच्या होमस्टेकडे चालत निघाले. वाटेत एका शेतात नवरा-बायको वाल लावत होते. नांगरणी नाही, काही नाही. भात जिथून कापला त्याच गादीवाफ्यावर तो माणूस एक लोखंडी चौकट टेकवून पायानं दाबत होता. चौकटीला खाली खुंट्या. उचलली की मातीत रांगेनं भोकं, सगळी सारख्या अंतरावर. बायको मागून प्रत्येकात बी टाकत होती. मी तिथेच उभी राहिले. सकाळपासून साच्यांचाच विचार डोक्यात आणि समोर शेतात साचा! नंतर कळलं की हे ‘सगुणा राइस तंत्र’, म्हणजे एसआरटी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं, म्हणजे याच कर्जत तालुक्यात. साचा पंचवीस बाय पंचवीस सेंटिमीटरवर भोकं पाडतो, भातासाठी चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात, आणि भातानंतरचं पीकही त्याच वाफ्यावर न नांगरता घेता येतं. त्या दादांना विचारलं, हाताच्या अंदाजानं नाही का लावता येत? “मला येतं,” ते म्हणाले, “मजुराला कुठं येतं?”

रविवारी सकाळ मोकळी होती. टमटमनं कर्जतमार्गे कोंदिवडे गाठलं आणि तासभर चढून कोंढाण्याच्या लेण्यांवर गेले. पावसाळ्यात इथे चेंगराचेंगरीची गर्दी असते, नोव्हेंबरात मी आणि दोन वानरं. राजमाचीच्या पायथ्याचं जंगल, वर कातळात खोदलेला चैत्य, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. आतले बरेच खांब झिजून तुटलेत. पण दर्शनी भाग बघत राहावं असा. कमानी, कठडे, जाळ्या. कळायला थोडा वेळ लागतो की हे सगळं सुतारकाम आहे. त्या काळी बांधकाम लाकडाचं असायचं, आणि खोदणाऱ्यांनी ते जसंच्या तसं दगडात उतरवलं. जिथे दगडाला गरज नाही अशा तुळयाही कोरल्या, केवळ लाकडात त्या असायच्या म्हणून. एका बाजूला भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. तिचा अर्थ : कान्हाचा शिष्य बालक यानं हे केलं. राजाचं नाव नाही. कारागिराचं आहे, आणि त्याच्याही आधी त्याला शिकवणाऱ्याचं.

दुपारी दोनला परत शेडमध्ये. टेबलावर वहिनींची खोपोलीची खरेदी होती. बारा मिलिमीटर जाडीचा, दोन फूट लांब, सरळ लोखंडी रॉड. एका टोकाला ड्रिलच्या चकमध्ये बसेल इतका बारीक केलेला, दुसऱ्या टोकात बिट बसेल असं भोक आणि बिट आवळायला दोन छोटे स्क्रू. ड्रिलचं एक्स्टेन्शन. काका त्याला नुसतं ‘लांबडी’ म्हणतात. त्यांच्याकडे जुनी एक होती, पण ती वेल्डिंग करून जोडलेली, फिरताना डुगडुगायची. एक्स्टेन्शन लांब असल्यामुळे मुळाशी केसाएवढी चूक असली तरी टोक गरागरा नाचतं. म्हणून टोकाचं भोक लेथवर, अगदी मध्यावर पाडलेलं हवं. सोबत एक पितळी बुश. बाहेरून पाऊण इंच, आतून रॉड जाईल एवढं, लांबी चार इंच.

आणि मग वहिनींनी जे केलं ते बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या खुर्चीच्या पुढच्या पायातलं भोक आरपार होतं. जुन्या सुतारानं दांडी पुढून घुसवून, टोकाला पाचर मारून बसवली होती. ते भोक शाबूत होतं. वहिनींनी खुर्ची आडवी करून शिकंज्यात धरली. लांबडीच्या टोकाला पाऊण इंची बिट, ते पुढच्या भोकातून आत सरकवलं. मागून बुश सरकवून त्याच भोकात घट्ट बसवलं. मधे रॉडला टेकू म्हणून काकांनी खाच पाडलेला एक ठोकळा धरला. आता मशीन खुर्चीच्या पूर्ण बाहेर, कुठे अडायचा प्रश्नच नाही. रॉड पुढच्या पायातून जाऊन मागच्या पायाच्या खुंटीवर बरोबर टेकलेला. ज्यानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे भोक पाडलं, त्याचा कोन तसाच्या तसा नळीत पकडला गेला होता.

“एकदाच चान्स,” वहिनी म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, माहीत नाही. पाय दीड इंच जाडीचा, भोक एक इंच खोल. टेपपुढे गेलं तर बिटचं टोक पलीकडून बाहेर येणार आणि आजोबांच्या खुर्चीच्या मागच्या पायाला कायमचा डोळा फुटणार. मी चक्क दुसरीकडे बघितलं.

घर्रर्र. थांबलं. पुन्हा घर्रर्र. सागाचा तो कडवट-तेलकट वास. टेप बुशला टेकली. वहिनींनी रॉड बाहेर ओढला.

काका उठले. टॉर्च घेतला नाही, गुण्याही नाही. मागच्या पायातल्या नव्या भोकात करंगळी घातली आणि हळूहळू गोल फिरवली. मग पुढच्या भोकात घालून तशीच फिरवली. मग परत मागच्या. एवढा वेळ लावला की मला वाटलं काहीतरी चुकलंय. शेवटी नवी सरळ दांडी उचलून त्यांनी पुढून आत सरकवली. ती मध्ये कुठेही न अडखळता गेली आणि मागच्या पायात ‘टक्’ असा आवाज झाला.

“बसली,” एवढंच म्हणाले. दांडी पुन्हा ओढून घेतली, डिंक लावला, परत सरकवली, पुढच्या टोकाच्या चिरेत पाचर ठोकली, निघालेला डिंक ओल्या फडक्यानं पुसला.

चहा आला. मी इराणी हॉटेलातल्या खुर्च्यांचा विषय काढला, माझ्या डोक्यात त्या सकाळपासून होत्या. वाकवलेल्या लाकडाच्या त्या काळ्या खुर्च्या ज्या नमुन्यावरून आल्या, ती थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या बसायच्या आणि जहाजानं जगभर जायच्या. उघडून जोडायच्या. म्हणजे कुठलाही पाय कुठल्याही खुर्चीला लागायला हवा, म्हणजे प्रत्येक भोक सारखं हवं. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. “म्हणजे त्यांच्याकडे फिक्स्चर असणारच,” त्या म्हणाल्या. काका म्हणाले, “त्यांच्याकडं मानसं असनार.” भांडण पुन्हा सुरू झालं.

एका गोष्टीवर मात्र दोघं बोलत नाहीत. गिऱ्हाईक येतं तेव्हा विचारतं, “मिस्त्री कुठेत?” काका पुढे होतात, मापं घेतात, ऑर्डर घेतात. वहिनी चहा आणतात. माझ्या मैत्रिणीलाही, जी इथे तीन वर्षं येतेय, भोकं कोण पाडतं ते माहीत नव्हतं. मी वहिनींना विचारलं, सांगत का नाही? म्हणाल्या, “सांगितलं तर भाव पाडतील.”

पैशांचा विषय निघाला. काका म्हणाले, “द्या तीनशे.” वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “नऊशे. लेथवाल्याचे साडेतीनशे, माझा एक दिवस फर्म्यात गेला.” काका म्हणाले, फर्मा तर आपल्याकडेच राहणार. वहिनी म्हणाल्या, ताईंची खुर्ची नसती तर लागलाच नसता. मी नऊशे दिले. शहरात कॉफी आणि एका सिनेमात तेवढे जातात, हे वाक्य अशा वेळी लिहायची पद्धत आहे, पण माझं मानधन बघता माझे तेवढ्यात जात नाहीत. तरी दिले. निघताना पाहिलं, बुश आणि लांबडी एका तारेत ओवून भिंतीवर गेली होती. खाली मार्करनं लिहिलेलं : ‘डोंबिवली’.

तुम्हालाही जायचं असेल तर खोपोली गाडीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, आणि कोंढाणा पावसाळ्यात नको, हिवाळ्यात करा. निसरडं नसतं आणि लेणं एकट्याला मिळतं. काकांचा पत्ता मी देत नाहीये. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे आणि ऑर्डरी आत्ताच दोन महिन्यांच्या साठल्यात. पण आपापल्या गावाकडे, वाडीत, घराण्याच्या जुन्या सुताराकडे एकदा चक्कर टाका. भिंतीवर काय काय टांगलंय ते विचारा.

परतीला कर्जतहून संध्याकाळची लोकल. मालडब्यात भाजीच्या पाट्या, दुधाचे रिकामे कॅन आणि मधोमध माझी खुर्ची. वांगणीला एक मावशी चढल्या, भाजीचा हा मोठा भारा घेऊन. खुर्ची बघून त्यांचा चेहरा उजळला. सरळ बसायलाच निघाल्या.

“मावशी, नको!” मी ओरडलेच. “उद्यापर्यंत बसायचं नाहीये. डिंक ओला आहे.”

मावशींनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मग काय पूजायची हाय?” म्हणाल्या आणि भाऱ्यावर टेकल्या. बदलापूरच्या आसपास गाडीनं हिसका दिला तशी खुर्ची दाराकडे सरकायला लागली. त्यांनी न बोलता हात लांब करून तिचा हात पकडला आणि कल्याण येईपर्यंत तसाच धरून ठेवला.